‘संगीत संशयकल्लोळ’, पेठेतल्या छोट्या सभागृहात

तिकीट काढू की नको अशा विचारात असाल तर काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा, कॉलेजातल्या पोरांनाही न्या, आणि काही झालं तरी पहिल्या पाच रांगांत बसा. पाच रांगांचं कारण पुढं सांगते.

आमच्या पेठेत एका जुन्या संस्थेचं सभागृह आहे. एरवी तिथं साखरपुडे, बारशी, साड्यांचे सेल आणि निवडणुकीच्या आधीच्या बैठका होतात. स्टेज कमरेएवढंच उंच. पुढं गादीच्या खुर्च्या, मागं प्लॅस्टिकच्या. सगळं भरलं तर अडीचशे माणसं मावतील. तिथं आपल्याच गावातल्या हौशी मंडळींनी ‘संगीत संशयकल्लोळ’ लावलं होतं. तिकीट दीडशे रुपये, सत्तरीच्या पुढच्यांना शंभर. करणारे सगळे दिवसा पोटापाण्याच्या मागं असलेले. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एकाचं मोटारीच्या पार्टचं दुकान. मी त्यांना इथं भूमिकांच्या नावानंच हाक मारणार आहे, कारण त्या संध्याकाळी ते आमच्यासाठी फाल्गुनराव आणि कृत्तिकाच होते.

मोठं नाट्यगृह सोडून ही मंडळी इथं का आली, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, ज्यांचं नाव या नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह. त्या रात्री खासबागेच्या बाजूला रस्त्यावर माणसं उभी होती आणि डोळे पुसत होती, मी त्यांतलीच एक. त्यानंतर हौशी मंडळींनी जिथं जागा मिळेल तिथं तालमी केल्या, जिथं पडदा बांधता येईल तिथं प्रयोग केले. मला वाटलं होतं, लहान जागेत संगीत नाटक म्हणजे तडजोड असणार. बघून आल्यावर ठाम सांगते, हे एक नाटक तरी लहान जागेतच बघावं.

कारण या नाटकाचा सगळा जीव एका तसबिरीत आहे. ती जेमतेम तळहाताएवढी.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी: अश्विनशेठ आणि रेवतीचं एकमेकांवर प्रेम आहे. अश्विनशेठची तसबीर रेवतीजवळ असते. वाटेत तिला घेरी येते आणि ती पडते. फाल्गुनराव नावाचे वयस्कर, पैसेवाले गृहस्थ तिला सावरतात. ते त्यांची बायको कृत्तिका खिडकीतून बघते आणि तिचं डोकं फिरतं. ती खाली येते तोवर वाटेवर कुणी नसतं, पण रेवतीच्या हातून पडलेली तसबीर तिला सापडते. ती तसबीर निरखत असताना मागून फाल्गुनराव येतात. बायकोच्या हातात परक्या देखण्या पुरुषाचं चित्र! आता त्यांचं डोकं फिरतं. पुढं तीच तसबीर फाल्गुनरावांच्या हातात अश्विनशेठला दिसते आणि रेवतीनं ती या म्हाताऱ्याला देऊन टाकली असं त्याला वाटतं. चौघंही शहाणी, चौघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, आणि चौघंही चुकलेली. पुढचं सांगत नाही.

आता मोठ्या नाट्यगृहात ही तसबीर पंधराव्या रांगेतून कशी दिसते? दिसतच नाही. नटानं हातात काहीतरी धरलंय एवढं कळतं, बाकी संवादावरून समजून घ्यायचं. इथं आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. तसबिरीची चौकट अंडाकृती, पितळी रंगाची, कडेला एक टवका उडालेला. आणि आत खरोखरच अश्विनशेठ करणाऱ्या मुलाचा चेहरा, जुन्या फोटोसारखा तपकिरी केलेला, डोक्यावर तोच फेटा. कृत्तिका ती दिव्याखाली तिरपी धरते तेव्हा काचेवर उजेड चमकतो आणि चेहरा क्षणभर दिसेनासा होतो. मग ती हात वळवते, चेहरा परत दिसतो. तिच्या नजरेला काय दिसतंय ते आम्हाला दिसत होतं. त्यामुळं मागून फाल्गुनराव चवड्यांवर येऊन तिच्या खांद्यावरून डोकावतात, तेव्हा हशा एकदम फुटला. पाच रांगा म्हणाले ते यासाठी.

फाल्गुनराव करणाऱ्यांचं कौतुक किती करू! पन्नाशीच्या पुढचे गृहस्थ आहेत, अंगानं भरलेले, आवाज खणखणीत. तसबीर बघितल्यावर त्यांनी एक शब्द बोलायच्या आधी पगडी काढली, तिच्यात बघितलं, परत डोक्यावर ठेवली. बस्स, एवढंच. सभागृह हसून हसून थकलं तरी ते हलले नाहीत. तोंडावर हसू नाही, लोकांकडं बघणं नाही, हशा ओसरेपर्यंत थांबून मग पहिलं वाक्य. ते हसवायला म्हणून काहीच करत नाहीत. त्यांना खरंच वाटत असतं की आपलं घर बुडालं, आपण फसलो, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. माणूस जितका कळवळून चुकीचं बोलतो तितके आपण जास्त हसतो. हल्ली विनोदी नाटक म्हटलं की नट प्रेक्षकांना डोळा मारतात, अधेमधे बातम्यांतलं काहीतरी घुसडतात, एकमेकांना हसवायला बघतात. इथं तसलं काही नव्हतं. दिग्दर्शकानं सगळ्यांना बजावलेलं दिसत होतं की संशय खरा वाटला पाहिजे. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देते.

आणि कृत्तिका! मी शिवणकाम करते, महाद्वार रोडच्या मागच्या बोळात माझं ब्लाउजचं दुकान आहे, त्यामुळं कुणी स्टेजवर आलं की माझी नजर आधी नेसण्याकडं जाते. कृत्तिकेनं नऊवारी नेसली होती, शिवलेली घातली नव्हती. हल्ली लग्नाकार्यात सगळीकडं शिवलेली चालते, मीही शिवून देते, त्यात वाईट काही नाही. पण शिवलेल्या नऊवारीचा काष्टा इस्त्री केल्यासारखा एका जागी बसून राहतो, बाई वाकली काय नि धावली काय. नेसलेली नऊवारी बाईबरोबर हलते. माझ्या शेजारी आत्याबाई बसल्या होत्या, माझ्या सासूबाई. पहिल्याच प्रवेशात त्यांनी मला कोपरानं ढोसलं, “बघ, नेसलंय तिनं. आयतं शिवलेलं न्हाई ते.”

त्या बाईंनी या नेसण्याचा उपयोग काय केला ते बघण्यासारखं आहे. सुरुवातीला खांद्यावरून नीट घेतलेला, मोकळा पदर. खिडकीतून नवऱ्याला बघितल्यावर पदराचं टोक हातात. खाली येऊन तसबीर सापडल्यावर पदर कमरेला खोचलेला. आणि नवरा-बायकोची समोरासमोर खडाजंगी होते तोवर तो इतका घट्ट आवळलेला की आता ही बाई अंगणात उतरून लाकडं फोडेल असं वाटावं. हे कुणी शिकवलं असेल तर शिकवणाऱ्याला, आणि बाईंना आपणहून सुचलं असेल तर त्यांना, माझा नमस्कार.

नाटक लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांनी कृत्तिकेला नवऱ्याच्या बरोबरीचा संशय दिलाय, ही मला या नाटकातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. ती कोपऱ्यात बसून मुसमुसत नाही. तो जितका तिच्या मागावर, तितकीच ती त्याच्या मागावर. दोघंही पुरावे गोळा करतात, दोघंही घरातल्या भादव्या नावाच्या गड्याला मधे घेऊन उलटतपासणी करतात, दोघांनाही आपणच शहाणे वाटतो. मूळ गद्य नाटक देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावानं १८९३ साली लिहिलं. आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या १७६१ सालच्या ‘ऑल इन द राँग’वर ते बेतलेलं होतं, आणि त्याच्याही मागं मोलिएरचं फ्रेंच प्रहसन होतं. इतक्या लांबून आलेली गोष्ट, पण देवलांनी ती अशी मुरवली की फाल्गुनराव आणि कृत्तिका आपल्या वाड्यातच राहत होते असं वाटावं. देवल हरिपूरचे, सांगलीला लागून असलेलं गाव, म्हणजे आपले शेजारीच. बोलण्यातला तो ठसका परका वाटत नाही, याचं मला काही नवल वाटलं नाही.

माणसांची नावं त्यांनी गमतीनं ठेवलीत. पुरुषांना महिन्यांची: फाल्गुन, अश्विन, भाद्रपदावरून भादव्या. बायकांना नक्षत्रांची: कृत्तिका, रेवती, रोहिणी. माझ्या मुलीच्या हे मध्यंतरात लक्षात आलं आणि ती पत्रकातली नावं बोटानं मोजत बसली.

पुढं पदं घालून याचं संगीत नाटक झालं आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले, त्यामुळं पदांसकट उभं राहिलेलं हे नाटक त्यांना बघायला मिळालं नाही. त्याची मला फार हळहळ वाटते. एवढं हसवणारं नाटक, आणि पहिल्या रात्री लिहिणारा माणूस विंगेत नाही.

या नाटकात कामाची वाटणी पक्की आहे. हशाचा भार फाल्गुनराव-कृत्तिकेवर, गाण्याचा भार अश्विनशेठ-रेवतीवर. हौशी मंडळींची बहुतेक वेळा इथंच फजिती होते. गाणारा मिळतो त्याला बोलता येत नाही, बोलणारा मिळतो त्याचा सूर लागत नाही. इथला अश्विनशेठ तरुण आहे, तिशीच्या आतला, आणि गळा तयार आहे. ‘मृगनयना रसिक मोहिनी’ला त्यानं दरबारी रागातला गंधार असा काही ठेवला की मागच्या रांगेतून “वाऽ” आलं. त्याचं मला एक फार आवडलं. त्यानं पदं लांबवली नाहीत. दोन-चार नेमक्या जागा घ्यायच्या, एखादी तान, आणि परत संवादावर यायचं. गाणं म्हणजे गोष्ट थांबवून केलेली मैफल, असं त्यानं कुठंच होऊ दिलं नाही. ‘कर हा करी धरिला शुभांगी’ म्हणताना तो खरोखर रेवतीकडं बघत होता. गाणारे नट पद सुरू झालं की समोरच्या भिंतीकडं बघायला लागतात. हा बघत नाही.

त्या पदाला वन्स मोअर आला. ऑर्गनवाल्या काकांनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं मान हलवली, आणि फक्त अंतरा परत घेतला. लोकांची हौस फिटली, नाटकही अडलं नाही. जुनी मंडळी सांगतात, पूर्वी वन्स मोअर घेता घेता पहाट व्हायची. तो काळ वेगळा, तेव्हा रात्र मोकळी होती. आज घरी जायची घाई असते.

ऑर्गन खरा होता. पायानं भाता मारायचा, लाकडी, वरचं पॉलिश उडालेला. स्टेजपुढं वादकांसाठी खड्डा नसल्यामुळं काका स्टेजच्या खाली, आमच्या डाव्या हाताला बसलेले. तबलजी त्यांच्या पलीकडं. भात्याचा श्वास घेतल्यासारखा बारीक आवाजही ऐकू येत होता, आणि तो मला आवडला. कीबोर्डवर भागवलं असतं तर स्वस्तात पडलं असतं, सामान वाहायचा त्रास वाचला असता. पण या मंडळींनी मिरजेहून ऑर्गन आणला, चौघांनी उचलून आत घेतला, आणि नांदीचा पहिला सूर भरला तेव्हाच आत्याबाई सावरून बसल्या. पेटीवाले गोविंदराव टेंबे याच मातीतले. १९११ च्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या. कोल्हापूरच्या कानाला साथ कच्ची असलेली चालत नाही, हे या मंडळींना ठाऊक असावं.

गाणाऱ्यांच्या गालाला चिकटवलेले माइक नव्हते. दोन माइक वर टांगलेले, तेही मागच्या रांगांपुरते. त्यातला एक कृत्तिकेच्या स्वगतात शिट्टी मारायला लागला. ती बाई वाक्य अर्धं तोडून थांबली, शिट्टी गेली, आणि तिनं वाक्य पहिल्यापासून तितक्याच रागात म्हटलं. कुणाला वाटलंही नसेल काही बिघडलं म्हणून. पण तो माइक पुढच्या प्रयोगाला काढूनच टाका. त्या जागेला त्याची गरज नाही.

रेवतीबद्दल थोडं सविस्तर सांगायचंय. ती नायकिणीच्या घरातली मुलगी. तिला गृहस्थाचा संसार हवा आहे, आणि आजूबाजूचं जग तिला सारखी आठवण करून देतंय की तू कुठल्या घरातली. अश्विनशेठचा संशय इतक्या चटकन पेटतो त्याला हेही कारण आहे. दुसऱ्या कुणा मुलीबद्दल त्यानं आधी विचारलं असतं, हिच्याबद्दल लगेच मानलं. नाटकात त्या घरावरून काही वाक्यं आहेत ज्यांवर पूर्वी सहज हसलं जायचं. या प्रयोगात त्यातली बरीच तशीच आहेत, आणि आमच्या मागं दोघं-तिघं हसलेही. मला नाही हसू आलं, आणि रेवती करणाऱ्या मुलीलाही ते पटत नसावं असं तिच्या कामावरून दिसलं. ‘संशय का मनि आला’ हे पद ती रडत म्हणत नाही. ताठ उभी राहून, जवळजवळ जाब विचारल्यासारखी म्हणते. आवाज अजून कोवळा आहे, वरच्या सुरांना थोडा ताण पडतो, पण त्या पदात मला तिच्या आवाजातली उणीव जाणवली नाही. विनोदी नाटकाच्या मधोमध एक मुलगी उभी राहून विचारते की माझ्यावर विश्वास का नाही, आणि अडीचशे माणसं गप्प होतात. त्याच्या पुढच्याच प्रवेशात भादव्या येतो आणि परत हशा. हे देवलांचंच कसब.

आता रेवतीची चोळी. मला बोलायलाच हवं. पुढून सगळं नेटकं होतं: खणाची, काठ हातावर बरोबर आलेला, मुंढा बसलेला. पण पद म्हणून ती वळली आणि पाठीवर झिप! तीसुद्धा सोनेरी. स्टेजवरचा दिवा नेमका तिच्यावर पडला आणि चकाकली. त्या काळातली चोळी पुढं गाठ मारायची असते. प्रवेशांच्या मधे कपडे पटकन बदलावे लागतात म्हणून झिप लावली असणार, हे मला कळतं. पण त्यालाही उपाय आहे. पुढं गाठ दिसायला ठेवायची आणि तिच्या खाली, आतल्या पट्टीला चापाची बटणं लावायची. दहा सेकंदांत निघते, दहा सेकंदांत लागते, आणि पाठ कोरी राहते. लहान सभागृहाचा हाच धाक आहे. तसबिरीतला चेहरा दिसतो तशी पाठीवरची झिपही दिसते.

बाकी पुरुषांचे कपडे व्यवस्थित. फाल्गुनरावांचा अंगरखा पोटावर थोडा ओढला जात होता, पण ते त्या माणसाला शोभलं. अश्विनशेठचा फेटा बांधलेला होता, टोपीसारखा घालायचा नव्हता. भादव्याची बंडी आणि गुडघ्यावर आलेलं धोतर झकास. त्या पोराची धावपळ एवढी की मध्यंतरापर्यंत बंडी पाठीला चिकटली होती.

त्याचं कारण सभागृहातला उकाडा. पंखे आवाज करतात म्हणून पदं सुरू झाली की बंद करायचे आणि पद संपलं की लावायचे, असं एक पोरगं बटणापाशी उभं राहून करत होतं. पोराचं काम चोख होतं, पण दुसऱ्या अंकात पदांमागून पदं आल्यावर पंखे बंदच राहिले. लोक पत्रकांनी वारा घेत होते. फाल्गुनरावांच्या कपाळावरचा रंग उतरून भुवईपर्यंत आला होता. सभागृह चालवणाऱ्यांनी न वाजणारे चार पंखे बसवले तर नाटकवाल्यांवर आणि आमच्यावर उपकार होतील. भाडं घेता तेवढं तरी करा. बायकांच्या स्वच्छतागृहात दिवा नव्हता, हेही लिहून ठेवते.

नाटकाचाही एक दोष सांगते. मध्यंतरानंतरचा पहिला भाग सैल झालाय. पहिल्या अंकात तसबीर हातोहात फिरते आणि प्रत्येक वळणावर काहीतरी नवं घडतं. नंतर मात्र तेच गैरसमज परत परत बोलून दाखवले जातात. बोलणारे चांगले असले तरी आपल्याला ते आधीच ठाऊक झालेलं असतं. तिथं दहा-बारा मिनिटं कमी केली तर शेवटचा उलगडा आणखी रंगेल. पदं कापू नका, गद्य कापा. हौशी मंडळी बरोबर उलटं करतात, पदं आवरतात आणि संवाद लांबवतात.

प्रवेशांच्या मधला अंधारही जरा जास्त वेळ राहतो. सामान फार नव्हतं: एक खिडकीचा लाकडी सांगाडा, एक तक्क्या-लोड, एक झोपाळा, दोन पडदे. झोपाळा आत-बाहेर करायला वेळ लागत होता. तो एका बाजूला कायमचा राहू दिला तरी काही अडत नाही.

प्रेक्षकांबद्दल एक विनंती. ही पदं ज्यांना पाठ आहेत त्यांचा मला आदर आहे. पण आमच्या मागचे एक गृहस्थ अश्विनशेठच्या बरोबरीनं गायला लागले, तेही अर्धा सूर खाली. दोन ओळी आत्याबाईंनी सोसलं, मग मागं वळून म्हणाल्या, “दादा, तुमचं नाटक संपल्यावर ऐकतो की. आता त्या पोराचं ऐकू द्या.” गृहस्थ खरंच थांबले, आणि मध्यंतरात त्यांनीच आत्याबाईंना चहा आणून दिला. चहा चांगला होता, आल्याचा, दहा रुपये. सोबत दारात भडंगाच्या पुड्या. पुड्या बाहेरच संपवून आत या, कागदाचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू येतो.

शेवटी ‘हृदयी धरा हा बोध खरा’ला सगळी मंडळी एकत्र उभी राहून गायली. विंगेतून कपडेपट सांभाळणाऱ्या बाई, पडदा ओढणारा आणि पंख्याच्या बटणापाशी उभं असलेलं पोरगंही स्टेजवर आलं. त्यातले दोघं सुरात नव्हते, पण टाळ्या त्यांनाही तेवढ्याच पडल्या आणि त्या पडायलाच हव्या होत्या. माझी मुलगी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुनं नाटक म्हणून तोंड वाकडं करून आली होती. बाहेर पडताना म्हणाली, “आई, मी परत येतो बघायला, मैत्रिणींना घेऊन. पण पुढच्या रांगेत बसायचं.” कृत्तिकेचं पदर खोचणं तिनं घरी येईपर्यंत दोनदा करून दाखवलं.

मंडळींना भेटायला आत गेले होते. चोळीचं बोलले, झिपेचं बोलले. रेवतीला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तर तिनंच पाठ फिरवून दाखवली आणि म्हणाली, “काकू, मलापण ती टोचते ओ.” पुढच्या प्रयोगाची चोळी मी शिवून देते असं सांगून आले. सोमवारी ती मापं द्यायला दुकानात येईल. खण माझ्याकडं आहे, काठ तिनं निवडायचा.

पुढचा प्रयोग याच सभागृहात आहे, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला. वेळेवर सुरू होतो, नांदी चुकवू नका. तिकिटं दारातच मिळतात, पाचनंतर. खुर्च्यांना नंबर नाहीत, त्यामुळं पुढं बसायचं तर सहालाच या. सुटायला पावणेदहा होतात, तेव्हा लांबच्यांनी रिक्षावाल्याला आधी सांगून ठेवा.